मास्तरांची लचक

भाताची कापणी उरकली, मळण्या झाल्या, की आमच्या साखळी गावात भर दुपारी एक आवाज येऊ लागतो. देवळाच्या मांडवात कोणीतरी हातोडीने ठोकून ठोकून तबला सुरात आणत असतो. ठक् ठक् ठक्, आणि मग बोटाने उठवलेला एक लांब घुमारा. शेतं मोकळी झालेली असतात, त्यामुळे तो आवाज कुठे अडत नाही, थेट माझ्या पानापर्यंत येतो. हातातला घास हातात राहतो. सून म्हणते, 'बाबांच्या अंगात नाटक शिरलं.' खरं तर माझ्या अंगात शिरते ती शरम, आणि ती दर वर्षी नेमाने याच दिवसांत येते.

मी नाचमास्तर. गोव्यात गावोगावी जत्रेला देवापुढे संगीत नाटक होतं आणि ते गावचीच माणसं करतात. शेतकरी राजा होतो, मास्तर प्रधान होतो, पोस्टमन नारद होतो. गाण्याची तालीम पेटीमास्तर घेतो, भाषणं दिग्दर्शक घोटून घेतो, आणि दरबारातले, उपवनातले नाच कोणीतरी बसवावे लागतात. तो कोणीतरी म्हणजे मी. डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत मी नाच बसवला नाही असा देव शोधावा लागेल. बढाई मारतोय असं वाटेल, पण पुढे वाचलंत तर बढाईची हौस फिटेल.

मी मूळचा गोव्याचा नाही. पत्रादेवीच्या हद्दीपलीकडचा, कुडाळकडचा. दशावतारात स्त्रीपार्ट करायचो, म्हणजे बायकांच्या भूमिका. राण्या केल्या, दासी केल्या, एकदा दुसरा नट वेळेवर पोचला नाही म्हणून एकाच खेळात सासू आणि सून दोन्ही केल्या आणि स्वतःलाच छळलं. टाळ्या भरपूर, पोट रिकामं. गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती आणि पाळीच्या खाणींवर हाताला काम मिळतं असं आमच्याकडचा जो तो सांगत होता. एक पिशवी घेऊन मी हद्द ओलांडली आणि धारगळला मामाच्या दारात उभा राहिलो.

मामाचं हमरस्त्याला चहाचं हॉटेल. सकाळी पाववाला भोंगा वाजवत यायचा आणि गरम पावांच्या वासाने सगळी जागा भरून जायची. मामाने माझी पिशवी उचलून आत ठेवली तेव्हा तिच्यातले घुंगरू वाजले. मामाचा हात तिथेच थांबला.

'हंय कमवक इलंस मां?' तो म्हणाला. 'मगे ती घुंगरां भायर काडू नको. लोक माका नाच्याचो मामा म्हणतले.'

शरम म्हणतो ती ही नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. नाच्या या शब्दाची मला कधी लाज वाटली नाही. साडी नेसून मी रंगमंचावर आलो की पुढच्या रांगेतल्या बायका आपला पदर सारखा करायच्या, एवढा मला माझ्या चालण्याचा अभिमान होता. तोच अभिमान पुढे मला नडला.

पाळीला तेव्हा सगळं तांबडं होतं. रस्ता तांबडा, माडांचे झाप तांबडे, दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी तांबडं. मी टोपल्या उचलायचो आणि डोक्यात ताल धरायचो. पाऊस तोंडावर आला होता आणि शेवटच्या गाड्या घाईने भरल्या जात होत्या. एका गाडीचा मागचा फाळका सुटला आणि माझ्या डाव्या पावलावर आला. मामाने पाळीला येऊन मला धारगळला नेलं. पावसाळाभर तो झाडपाल्याचा लेप लावून, फडकं बांधून, तोंडाने माझा उद्धार करत बसला. जखम भरली. पण आतली हाडं आपल्या मनाला येईल तशी बसली. चालताना फारसं कळायचं नाही, पण तालात पाय टाकायला गेलो की डावा पाय खाली यायला उशीर लावायचा.

त्याच साली, असेच भात कापून झालेले दिवस, मी पुन्हा खाणीवर टोपल्या उचलत होतो. पाळीच्या पलीकडच्या एका वाड्यावर जत्रेचं नाटक उभं राहत होतं. पेटीमास्तराला कुठून तरी कळलं, की खाणीवरच्या कामगारांत एक दशावतारातला गडी आहे. त्याने मला बोलावून घेतलं. राजकन्येच्या सख्यांचा नाच बसवायचा आणि सख्यांच्या पुढे मी स्वतः नाचायचं. त्या वाड्यावरच्या मुली तेव्हा रंगमंचावर पाय ठेवत नसत, म्हणून सख्या सगळ्या बाप्येच. त्यांत बाबुसो होता, खाणीवर ट्रक चालवणारा, राकट अंगाचा, आणि मिशी काढायला शेवटच्या दिवसापर्यंत तयार नसलेला. दुसरा शाणू, गावचा शिंपी. तो नाचताना सुद्धा शेजाऱ्याच्या चोळीची शिवण बघायचा.

मला 'मास्तर' अशी पहिली हाक त्या मांडवात ऐकू आली. टोपली उचलणाऱ्याला कोणी मास्तर म्हणत नाही. तो शब्द कानात पडला आणि मी मनाशी ठरवलं, की आता परत टोपलीला हात लावायचा नाही.

पहिल्या संध्याकाळी गॅसबत्तीच्या उजेडात मी त्यांना पाऊल दाखवलं. उजवा, डावा, गिरकी, आणि समेवर डावा. सगळं अंग समेवर आलं आणि डावा पाय मागून, पाहुण्यासारखा. शाणू शिंप्याची नजर असल्या गोष्टी सोडणारी नव्हती.

'मास्तर, हो पांय मागीर कित्याक पडटा?' त्याने सरळ विचारलं.

लंगडा नाचमास्तर कोण ठेवून घेईल? आणि तोंडातून शब्द निघाला, 'लचक.'

एवढंच बोललो. पुढे काही सांगायचा धीर झाला नाही. लचक म्हणजे चालण्यातला तो डौल, कमरेतून पायापर्यंत उतरणारा, बघणाऱ्याला ओढून घेणारा. ज्याच्या अंगात ती आहे त्याला शिकवावी लागत नाही आणि ज्याच्या अंगात नाही त्याला शिकवता येत नाही. माझ्या अंगात ती होती, फाळका पडेपर्यंत. शाणूने मान हलवली. बाबुसोने त्याच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तालमीला आलो, तर सगळ्या सख्यांचा डावा पाय समेच्या मागून पडत होता. माझ्या खोटेपणाचं पीक एका दिवसात उभं राहिलं होतं.

मग काय, मी त्याची मशागत सुरू केली. कोणाचा पाय चुकून वेळेवर पडला की मी गरजायचो, 'लचक खंय गेली? लचक घाला!' बाबुसोसारखा माझ्या दुप्पट अंगाचा माणूस मान खाली घालून पाय मागे ठेवायचा. मला मनात हसू यायचं आणि शरमही वाटायची. त्या वयात हसू जास्त यायचं.

जत्रेला नाच रंगला. बाबुसोची मिशी गेली होती आणि त्याच्या आईने त्याला ओळखलं नव्हतं. पुढे मी, मागे सख्या, सगळ्यांचा डावा पाय एकसाथ रेंगाळून पडणारा. लोकांना वाटलं, ही काहीतरी पलीकडची, दशावतारातली चाल असावी. दुसऱ्या गावची मंडळी नारळ घेऊन मला बोलवायला आली. ती म्हणाली, 'ती लचक आमकांय जाय.' त्यांनाही ती हवी होती. जत्रेतलं गोड खाजं खात खात मी हो म्हटलं.

पुढचा सगळा संसार त्या एका शब्दावर उभा राहिला. साखळीत कापडाच्या दुकानात नोकरी धरली, बिऱ्हाड केलं, लग्न केलं. दिवसा लुगड्यांच्या घड्या आणि संध्याकाळी तालमी. कधी बसने, कधी कोणाच्या ट्रकमधून, पुढे पुढे मोटारसायकलच्या मागे बसून. बाप्ये सख्या मागे पडल्या, मुली रंगमंचावर आल्या. त्यांच्या आया मला बघायला यायच्या, हा मास्तर पोरींना कसं शिकवतो ते. दोन दिवस बसायच्या, निमूट घरी जायच्या, तिसऱ्या दिवशी धाकटीलाही पाठवायच्या. बाबुसोची मुलगी सुलभा त्यांतलीच. तिच्यासारखा पाय मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. आणि तिच्या त्या पायाला मी माझं दुखणं शिकवलं.

हे विसरून जाता आलं असतं, पण पाय काही पडद्यामागे ठेवता येत नाहीत. एका लग्नात नवरी उंबरठ्यावरचं माप ओलांडत होती आणि तिचा डावा पाय जरासा रेंगाळला. बायका कौतुकाने म्हणाल्या, 'मास्तराकडेन शिकल्या ती.' मी जेवायला न थांबता घरी आलो. थंडीत पाऊल ठणकायचं तेव्हा बायको तेल चोळून द्यायची. तिने कधी काही विचारलं नाही आणि मी तिला कधी काही सांगितलं नाही.

खरं काय ते एकट्या मामाला ठाऊक होतं. धारगळला मी नाटकाचा नाच बसवला, तेव्हा मामा हॉटेल बंद करून बघायला आला. नाच्याचा मामा होण्याची त्याची भीती एव्हाना गेली होती. उलट तो लोकांना सांगत सुटला होता, मास्तर माझो भाचो. नाच संपल्यावर तो मांडवाच्या मागे आला. मुली घुंगरू सोडत होत्या. त्यांच्या पायांकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला आणि मग अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, 'सगळ्यांका लंगडी करून ठेवलंस रे.'

मामा जाऊन खूप वर्षं झाली. ते वाक्य गेलं नाही. मांडवात तबला लागला, की आधी ते ऐकू येतं आणि मग तबला.

या वर्षी दिवाळी झाली आणि सुलभा घरी आली. ती आता स्वतः बाई झाली आहे, साखळीत तिचा नाचाचा वर्ग चालतो, माझी सगळी गावं आता तिचीच. पणजीला एका स्पर्धेत तिच्या मुलींनी आमचा तोच जुना सख्यांचा नाच केला होता. मुली शेवटच्या फेरीत गेल्या, पण परीक्षकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, 'मुली तयार आहेत. पण सगळ्यांचा डावा पाय मागे का राहतो? एकीचा राहिला असता तर चूक म्हटलं असतं. सगळ्यांचा राहतो, म्हणजे कोणीतरी शिकवलंय. पुढच्या फेरीत हे असंच राहिलं तर अवघड आहे.'

सुलभाने हे सगळं खाली बघत सांगितलं. मुलींनी वर्षभर मेहनत केली होती. सुलभाचा वर्ग नवा होता, पणजीत नाव झालं तर त्याला बळ येणार होतं. शेवटी तिने विचारलं, 'मास्तर, काडूं काय दवरूं?'

काढू की ठेवू. चार शब्दही नाहीत. ती माझी परंपरा आहे, हात लावू नकोस, असं म्हणालो असतो तर या मुलीने हरून घरी यायचं कबूल केलं असतं, एवढी मला खात्री आहे. आणि काढ म्हटलं असतं, तर का, हे सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, 'फाल्यां सांगतंय.' या वयातही मला उत्तर द्यायला एक रात्र उसनी लागली, याची सुद्धा शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरून पाळीला गेलो. बापाला आधी सांगावं, मग मुलीला सांगणं सोपं जाईल, असा विचार. खाणी बंद पडल्यापासून पाळीची झाडं पुन्हा हिरवी दिसू लागली आहेत. मला ती ओळखू येत नाहीत. बाबुसो अंगणात बसून चहात पाव बुडवून खात होता. मिशी पुन्हा आली आहे, पांढरी झाली आहे. त्याने आतून कदेल, म्हणजे खुर्ची, आणवली, मी बसलो. बसमध्ये जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं, तोच त्याने विचारलं, 'पांय कसो आसा? थंडी पडल्या, दुखत आसतलो.'

'खंयचो पाय?'

'तुमचो. लचकिल्लो.'

तो शांतपणे पाव खात होता.

'तुका कोणी सांगल्यान?'

'तुमीच सांगलें न्ही? पयल्याच दिसा. शाणून विचारलें, पांय मागीर कित्याक पडटा. तुमी म्हळें, लचक.' त्याने कप खाली ठेवला. 'आमी समजले, पांय लचकला. नवो मनीस, पूण खरें उलयलो म्हूण आमकां बरें दिसलें.'

पाय लचकला. लचक भरली. मराठी बोलणारं कोणीही पोर हा शब्द असाच वापरतं, दिवसातून दहादा. मी एवढा माझ्या डौलात होतो, की त्या शब्दाला दुसरा अर्थ आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी सांगितली शोभा आणि त्यांनी ऐकली दुखापत.

'मागीर शाणून म्हळें,' बाबुसो सांगत होता, 'मास्तर फुडें नाचतलो, लोक ताचोच पांय पळयतले. आमी सगळे तसोच घालूंया. मागीर कोणाक कळचें ना.'

एवढंच. लोकांची नजर माझ्या एकट्याच्या पायावर जाऊ नये म्हणून शिंप्याने सुचवलं, बाकीच्यांनी मान्य केलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे पाय मागून पडले. माझ्या खोटेपणाचं पीक म्हणून मी ज्याच्याकडे बघत आलो, ते यांनी माझ्यावर घातलेलं पांघरूण होतं. शाणू आता नाही. असता तरी त्याला मी काय म्हणणार होतो?

'आणि मी तुमच्यार वरडत होतंय, तेचा काय?' मी विचारलं.

'तुमकां भंय दिसतालें, आमी विसरतले म्हूण. आमी मनाक लावन घेतलें ना.'

मी गरजत होतो तेव्हा त्यांना ती विनवणी ऐकू येत होती. माझं झाकून घ्या, विसरू नका, असं एक परगावचा माणूस काकुळतीने सांगतोय, असं समजून तो धिप्पाड ट्रकवाला मान खाली घालत होता. आणि मी मनात हसत होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, की मी यांना फसवलं, आणि त्या शरमेतही कुठेतरी एक गुर्मी होती, की फसवणारा मी आणि फसणारे ते. अंगणातल्या त्या कदेलीवर ती गुर्मी गेली. शरम तेवढी राहिली, उघडी.

'सुलभाक खबर आसा?' मी विचारलं.

'ल्हानपणाच्यान. हांवेंच सांगलें. म्हूण तर विचारूंक आयली. ना जाल्यार केन्नाच काडिल्लें.'

माझ्यासाठी नसतं, तर तिने तो पाय केव्हाच काढला असता. म्हणजे तिने मला नाचाविषयी विचारलंच नव्हतं. तुमचं झाकलेलं उघडलं तर चालेल का, असं विचारलं होतं, आणि तेही खाली बघून, मला तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून. घरी येताना बसमध्ये खिडकीपाशी बसलो आणि पाळीपासून साखळीपर्यंत मान वर केली नाही.

संध्याकाळी देवळाच्या मांडवात गेलो. तालीम चालू होती. सुलभा उठून उभी राहिली. मी म्हणालो, 'काड.' तिने का म्हणून विचारलं नाही. मुलींना तिने एवढंच सांगितलं, की डावा पाय समेवर. पहिल्यांदा मुली गोंधळल्या, एकमेकींवर आदळल्या, हसल्या. मग हळूहळू पाय ऐकू लागले. तबलजीने सम गाठली आणि सगळे डावे पाय एकदम, बरोबर समेवर पडले.

मी तो नाच माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. डोक्यात असाच बसला होता तो, टोपल्या उचलताना, फाळका पडण्याआधी. जमिनीवर कधी उतरला नव्हता. इतका सुरेख होता, हे मलाच ठाऊक नव्हतं. डोळे पुसायला काही नव्हतं, धोतराचा सोगा घेतला.

गिरकीनंतरचा हात मात्र चुकत होता. कोपर वर जात होतं. मी बसल्या जागेवरून सांगून पाहिलं, मुलींना कळेना. सुलभा म्हणाली, 'मास्तर, एकदां दाखयता?' या वयात नाही म्हणायला हवं होतं. पण उठलो. मुलींना दोन्ही बाजूंनी दिसावं म्हणून तीही माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. समोर मुली ओळीने, डोळे आमच्या पायांवर. तबलजीने ठेका धरला. उजवा, डावा, गिरकी, हात असा, कोपर खाली, आणि सम.

माझा डावा पाय उशिरा पडला. त्याच्याबरोबर, अगदी त्याच क्षणाला, शेजारी सुलभाचा डावा पाय उशिरा पडला.

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर मुलींकडे बघत होती. मी मान खाली घातली. तबला थांबला नव्हता, म्हणून आम्ही पुढचं पाऊल टाकलं.